पहिली ते दहावी, एकच कलाशिक्षिका: हाताने करण्याच्या कामाच्या तासिका वयानुसार कशा आखाव्यात?

कुंचला (प्रश्न)

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातील एका शाळेत कलाशिक्षिका आहे. आजवर माझ्याकडे केवळ आठवी ते दहावीचे वर्ग होते. यंदाच्या जूनपासून प्राथमिक विभागाच्या तासिकाही माझ्याकडे आल्या आहेत, त्यामुळे सहा वर्षांच्या मुलांपासून सोळा वर्षांच्या मुलांपर्यंत सर्वांना एकाच खोलीत आणि एकाच कपाटातील साहित्यावर शिकवायचे आहे. खोली प्रशस्त आहे, व्हरांड्यात नळ आहे आणि जमिनीवर बसून काम करता येते. वर्गात ५० च्या आसपास मुले असतात आणि तासिका ३५ मिनिटांची असते.

फळ्यावर चित्र काढून दाखवायचे आणि मुलांनी ते वहीत उतरवायचे, एवढ्यावर मला थांबायचे नाही. मातीकाम, ठसेकाम, कागदकाम, रंग कालवणे अशी हाताने करण्याची कामे प्रत्येक वर्गाला मिळावीत, अशी माझी मनापासून इच्छा आहे. मात्र वयागणिक अडचणी इतक्या वेगळ्या आहेत की आखणी जमत नाही. पहिली-दुसरीची मुले पाच मिनिटांत चित्र संपवून “बाई, झाले, आता काय करू?” असे विचारतात. पाचवी-सहावीची मुले, जी दोन वर्षांपूर्वी बेधडक रंगवत होती, तीच आता “मला चित्र काढता येत नाही” असे म्हणून पाठ्यपुस्तकातले एखादे चित्र समोर मागतात. नववीची मुले कंपास आणि गुण्या अचूक वापरतात, परंतु “आपल्या गावच्या बाजाराचे चित्र काढा” असे सांगितले की प्रत्येकाच्या कागदावर तीच पाठ केलेली भाजीवाली आणि तीच छत्री दिसते.

प्रत्येक वयोगटासाठी स्वतंत्र माध्यम ठेवावे की एकच माध्यम सर्वांना द्यावे? धारदार हत्यार कोणत्या इयत्तेत हाती द्यावे? मांडणे आणि आवरणे यांतच तासिका संपू नये यासाठी काय करता? आणि पालकांना हव्या असलेल्या रेखाकला परीक्षांच्या तयारीशी या साऱ्याचा मेळ कसा घालावा? अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

शाडूमाती

कुंचला ताई, आपल्या पहिल्या प्रश्नाबाबत माझे मत ठाम आहे: इयत्तेनुसार माध्यम बदलण्याची घाई करू नये, त्या माध्यमात मुलाला घालायचे कोडे बदलावे. लहानांना रंगखडू, मधल्यांना पोस्टर रंग आणि मोठ्यांना माती अशी वाटणी केली, तर प्रत्येक मूल प्रत्येक माध्यमाला एकदाच भेटते, नवखेपणातून बाहेर येण्याआधीच ते माध्यम त्याच्या हातून सुटते, आणि मग दहावीपर्यंत पोहोचलेल्या मुलाचा हात कशातच मुरलेला नसतो. माझा अनुभव मातीचा आहे, म्हणून मातीबद्दलच लिहितो.

पहिली-दुसरीच्या मुलांना मूठभर माती द्यावी आणि सुरुवातीला कोणतीही वस्तू करायला सांगू नये. लांब करा, उभे करा, भोक पाडा, दोन्ही तळव्यांमध्ये गोल फिरवा, अशा कृती सांगाव्यात. आपली मुले पाच मिनिटांत “झाले” म्हणतात याचे कारण कागदावरचे चित्र त्या वयात एकदा सांगून झालेल्या गोष्टीसारखे असते, त्यात परत शिरता येत नाही. मातीच्या गोळ्याचा मात्र साप होतो, सापाची गोगलगाय होते, गोगलगाईचे घर होते, आणि मूल तासभरही त्याच गोळ्यावर रमते. या वयातले काम जपून ठेवण्याचा आग्रह धरू नये. तासिकेच्या शेवटी गोळा पुन्हा बादलीत जाऊ द्यावा, मुलांना त्याचे फारसे दुःख होत नाही.

तिसरी-चौथीत मुले प्राणी करू लागतात. धड, डोके, पाय वेगवेगळे करून ती एकमेकांवर नुसते टेकवतात आणि माती वाळली की पाय गळून पडतात. जोडकाम शिकवण्याची योग्य वेळ हीच आहे, कारण आता मुलाला स्वतःलाच त्याची गरज वाटू लागलेली असते. दोन्ही बाजूंना काडीने ओरखडे काढायचे, त्यावर पाण्यात कालवलेली मातीची घट्टसर रबडी लावायची आणि मग दाबून, सांध्यावरून बोट फिरवून तो बुजवायचा. हीच गोष्ट पहिलीत सांगितली असती तर ती कानाआड गेली असती. चिमटीने दाबत दाबत केलेले वाटीएवढे भांडेही याच वयात छान जमते. पाचवीपासून वळ्यांचे, म्हणजे मातीच्या लांब वळ्या एकावर एक रचून केलेले, भांडे घ्यावे. त्यात भिंतीची जाडी सारखी ठेवणे, खालची वळी थोडी सुकल्याशिवाय वरचा भार न टाकणे, अपुरे काम ओल्या फडक्यात आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पुढच्या आठवड्यासाठी ठेवणे, अशा गोष्टी येतात. एक काम अनेक तासिका चालू शकते याची जाणीव मुलांना इथे प्रथम होते आणि माझ्या मते ती भांड्यापेक्षाही मोलाची आहे. आठवीनंतर उठावाची फरशी घ्यावी: पान, हात, चेहरा असे समोर ठेवून किंवा पाहून, अर्धा इंच जाडीच्या लादीवर खोली आणि उंची यांचा विचार करत केलेले काम. भरीव डोके केले असेल तर ते अर्धे सुकल्यावर तारेने कापून आतून पोकळ करावे आणि पुन्हा जोडावे.

भाजण्याबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो. मातीची वस्तू भट्टीत फुटते ती बहुतेक वेळा आत राहिलेल्या ओलाव्यामुळे. पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि जाड भाग तडकतो. म्हणून जाडी बोटाएवढीच ठेवावी, वस्तू सावलीत सावकाश सुकवावी आणि आतल्या पोकळीला बारीक छिद्र ठेवावे. शाडू न भाजता ठेवण्याच्या कामाला उत्तम आहे, परंतु भाजायचे असेल तर जवळच्या कुंभाराकडूनच माती आणावी. त्याच्या आव्यात, म्हणजे भांडी भाजण्याच्या भट्टीत, मुलांच्या वस्तू लावून देण्याची विनंती केली तर बहुतेक जण आनंदाने मान्य करतात, आणि आवा रचताना मुलांना तिथे नेता आले तर तो वर्षातला सर्वांत चांगला पाठ ठरतो. प्लास्टर ऑफ पॅरिसपासून मात्र लहान मुलांना दूर ठेवावे. ते घट्ट होताना तापते, त्यात हात बुडवून साचा घेण्याचा प्रयोग कुणीही करू नये, आणि उरलेले प्लास्टर नळाखाली ओतू नये. मातीकामानंतर खोली कोरड्या झाडूने झाडू नये. बारीक धूळ श्वासात जाते, म्हणून ओल्या फडक्यानेच पुसावे.

आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. एक महिना संपूर्ण शाळेला माती, पुढचा महिना संपूर्ण शाळेला ठसे, त्यापुढे रंग, अशी आखणी केली तर खोली महिन्यातून एकदाच मांडावी लागते. बादल्या, फडकी, पाट जागच्या जागी राहतात आणि सकाळी पहिलीने केलेले हत्ती दुपारी नववीची मुले पाहतात. हे पाहणे वाया जात नाही.

रेषाबंध

शाडूमाती सरांचे म्हणणे मातीच्या बाबतीत मला पूर्ण पटते. चित्राच्या बाबतीत मात्र नऊ ते बारा हे वय इतके वेगळे आहे की केवळ कोडे बदलून भागत नाही, शिकवण्याची रीतच बदलावी लागते.

सात-आठ वर्षांपर्यंत मूल जे पाहते ते काढत नाही, जे ठाऊक आहे ते काढते. कागदाच्या तळाशी जमिनीची एक रेघ, वर आकाशाची निळी पट्टी, मध्ये मोकळी जागा, आणि घराच्या भिंती पारदर्शक असल्यासारखे आतले सारे दिसणारे. आईचा हात भाकरी थापत असेल तर तो हात सर्वांत मोठा. या चित्रांत चूक काहीच नसते आणि त्यात दुरुस्ती करणे हा अन्याय आहे. व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षणतज्ज्ञांनी १९४७ मध्ये बालचित्रांचे जे टप्पे मांडले, त्यांत नवव्या वर्षाच्या सुमारास वास्तवाची ओढ सुरू होते असे सांगितले आहे. वयाची रेघ इतकी काटेकोर नसते, याबद्दल पुढे बरीच चर्चा झाली आहे. परंतु आपल्या पाचवी-सहावीच्या मुलांच्या तोंडचे “मला येत नाही” हे वाक्य तिथूनच येते. त्यांची नजर हाताच्या पुढे गेली आहे. आपले चित्र खऱ्यासारखे दिसत नाही हे त्यांना आता कळते, आणि ते कसे करायचे हे त्यांना कुणी सांगितलेले नसते. या वेळी “तुला हवे तसे काढ, सुंदरच होईल” असे म्हणणे ही मदत नव्हे. त्यांना पाहण्याची रीत हवी असते आणि ती स्पष्टपणे शिकवावी लागते.

मी पाचवीला आधी वस्तू हाताळायला देते. भेंडी, ढोबळी मिरची, चप्पल, कुलूप, पितळी तांब्या. मग कागदाकडे न पाहता, नजर वस्तूच्या कडेवरून मुंगीच्या गतीने सरकवत रेघ ओढायला सांगते. चित्र वेडेवाकडे येणार हे आधीच ठरलेले असल्याने “बरोबर आले का?” हा प्रश्नच उरत नाही, आणि तरीही चपलेच्या अंगठ्याजवळचे वळण अचूक उतरलेले पाहून मुले थक्क होतात. त्यानंतर दोन वस्तूंमधली रिकामी जागा काढणे, मग पेन्सिल हातभर अंतरावर धरून उंची-रुंदीचे प्रमाण मोजणे. तांब्याचे तोंड गोल आहे हे ठाऊक असल्याने मुले ते गोलच काढतात. डोळ्याच्या पातळीला तांब्या धरला की ते तोंड सरळ रेघ होते आणि खाली नेला की लंबगोल उघडत जातो, हे प्रत्येकाने स्वतः तांब्या वर-खाली करून पाहिले पाहिजे. फळ्यावरच्या आकृतीने हे कळत नाही.

याच कारणाने एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांना मी शत्रू मानत नाही. एलिमेंटरीतील वस्तुचित्र आणि इंटरमिजिएटमधील स्थिरचित्र हे पाहून काढण्याचेच शिक्षण आहे. बिघाड होतो तो स्मरणचित्रात. स्मरणचित्र म्हणजे पाहिलेले आठवून काढणे. परंतु तयारीच्या नावाखाली मुलांकडून ठरावीक मानवाकृती घोटून घेतल्या जातात, आणि आपल्याला नववीत दिसलेली भाजीवाली त्यातूनच आलेली आहे. मुलांना बाजाराच्या दिवशी स्केचबुक घेऊन प्रत्यक्ष बाजारात न्यावे. एका मुलाने फक्त बसण्याच्या पद्धती टिपाव्यात, दुसऱ्याने फक्त डोक्यावरची ओझी, तिसऱ्याने ताडपत्र्या कशा बांधल्या आहेत ते. दुसऱ्या दिवशी वर्गात स्केचबुक बंद ठेवून चित्र काढायचे. ज्याने वाकून तराजू धरणारा माणूस एकदा नीट पाहिला आहे, त्याला घोटलेली आकृती लागत नाही, आणि परीक्षकालाही हा फरक दिसतोच. दहावीत मिळणाऱ्या वाढीव गुणांसाठी पालक आग्रही असतील तर त्यांना हेच सांगावे की या मार्गाने गुण कमी होत नाहीत.

एक गोष्ट अत्यंत कळकळीने सांगते: कोणत्याही इयत्तेतील मुलाच्या चित्रावर आपली पेन्सिल चालवू नये. दाखवायचेच असेल तर शेजारी वेगळ्या कागदावर दाखवावे आणि तो कागद आपल्याजवळ परत घ्यावा.

रंगधानी

रंगांपुरते थोडक्यात लिहितो. बारा रंगांच्या पेट्या घेऊ नयेत, त्याच पैशात मोजक्या रंगांच्या मोठ्या बाटल्या घ्याव्यात. लाल, पिवळा, निळा या तीन रंगांतून सारे रंग होतात असे आपण सांगतो आणि मग मूल शेंदरी झाक असलेला व्हर्मिलियन आणि हिरवट झाकेचा प्रशियन निळा मिसळते, त्यातून जांभळ्याऐवजी चिखलासारखा तपकिरी रंग येतो, आणि मुलाला वाटते की आपल्यालाच जमले नाही. म्हणून प्रत्येक मूळ रंगाच्या दोन झाका ठेवाव्यात: लालात व्हर्मिलियन आणि जांभळट झाकेचा क्रिमसन, पिवळ्यात लिंबासारखा आणि हळदीसारखा, निळ्यात प्रशियन आणि जांभळट झाकेचा अल्ट्रामरीन. सोबत पांढरा. क्रिमसन आणि अल्ट्रामरीनमधून स्वच्छ जांभळा येतो, लेमन यलो आणि प्रशियनमधून कोवळ्या भातासारखा हिरवा येतो, आणि हळदी पिवळा व अल्ट्रामरीन मिसळले की सुकलेल्या गवताचा हिरवा मिळतो. काळी बाटली निदान सातवीपर्यंत कपाटातच राहू द्यावी. अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग मिसळून येणारा गडद राखाडी रंग सावलीला कितीतरी जिवंत दिसतो.

पहिलीच्या वर्गाला एका वेळी दोनच रंग द्यावेत. दोन रंगांच्या मधला तिसरा रंग स्वतःच्या बशीत अचानक उगवलेला पाहणे हा त्या वयाचा पूर्ण पाठ आहे, त्याला चित्राची जोड देण्याचीही गरज नाही. चौथीला एका हिरव्यापासून दहा हिरवे करायला सांगावे आणि शाळेच्या आवारातील पानांशी ते ताडून पाहायला लावावे. नववीला एकच पांढरी वस्तू पांढऱ्या कापडावर ठेवून द्यावी आणि पांढऱ्यातले रंग शोधायला सांगावे.

आणखी एक. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे ती सहावी ते आठवीसाठी, आणि तीही पटसंख्या शंभराहून अधिक असेल तर. पहिली ते पाचवीसाठी अशी तरतूदच नाही. ज्या वयात हात सर्वांत मोकळा असतो त्या वयाला कलाशिक्षक न मिळणे ही आपल्या व्यवस्थेतील मोठी उणीव आहे, त्यामुळे आपल्या शाळेने प्राथमिकचे वर्ग आपल्याकडे दिले याचा मला खरोखर आनंद वाटतो.

तारपा

मी डहाणू भागात शिकवतो. वरील तिन्ही प्रतिसाद उपयुक्त आहेत. त्यात आणखी एका गोष्टीचा विचार व्हावा असे वाटते, ती म्हणजे मुलांच्या घरी आधीपासून असलेले हाताचे ज्ञान.

वारली चित्र आज राज्यभरातील शाळांत शिकवले जाते, परंतु बहुधा ते संकल्पचित्रातील, म्हणजे नक्षीच्या चित्रातील, किनारीच्या रूपात येते. पट्टीने आखलेले दोन त्रिकोण, वर गोल डोके, मग पोस्टर रंग. मूळ काम याहून फार वेगळे आहे. लग्नघरात सवाशिणी शेणाने सारवलेल्या आणि गेरूने रंगवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक, म्हणजे लग्नविधीचे चौकोनी चित्र, लिहितात. चौकात पालघाट देवी असते. बांबूच्या काडीचे टोक चावून केलेली कुंची हेच साधन. आधी रेखाटन नसते, खोडणे नसते. जिव्या सोमा म्हसे या वारली चित्रकारांनी १९७० च्या दशकापासून ही चित्रे विधीच्या बाहेर कागदावर आणि कापडावर आणली, रोजच्या जगण्यातील दृश्ये त्यांत भरली, आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले. त्यांच्या चित्रांत माणसे कधी स्तब्ध दिसत नाहीत, कारण दोन त्रिकोणांच्या टोकांचा सांधा, म्हणजे कंबर, हाच हालचालीचा बिंदू असतो. पट्टीने आखलेल्या त्रिकोणात ही हालचाल येऊच शकत नाही.

म्हणून मी वर्गात पेन्सिल आणि पट्टी आणू देत नाही. तिसरी-चौथीची मुले जाड कागद किंवा जुने सुती कापड शेण आणि गेरूने सारवतात, काड्या स्वतः ठेचून कुंच्या करतात, आणि पिठाने झाडे, पाऊस, कोंबड्या अशी एकाच प्रकारची खूण पुन्हा पुन्हा लिहीत कापड भरून टाकतात. या वयातील मुलांना पुनरावृत्तीचा कंटाळा नसतो, उलट त्यातूनच हात स्थिर होतो. सहावी-सातवीच्या मुलांना मी शरीराची हालचाल आधी स्वतः करायला लावतो: एकाने भात लावण्यासाठी वाकायचे, दुसऱ्याने पाण्याचा हंडा उचलायचा, आणि कंबर कुठे वळते ते बाकीच्यांनी पाहायचे. नववी-दहावीशी मी वेगळ्या प्रश्नावर बोलतो. हे चित्र कोण लिहीत असे, कुठे, कोणत्या प्रसंगी, आणि आता ते टी-शर्टवर छापले जाते तेव्हा त्यातले काय राहते आणि काय जाते? मुलांनी चौकाची नक्कल करावी असे मला वाटत नाही. त्यांनी ती रीत समजून घेऊन आपल्या गावाची गोष्ट लिहावी.

आपण साताऱ्याकडे आहात. आपल्या मुलांच्या घरी घोंगडी असतील, बैलपोळ्याचे मातीचे बैल असतील, दारातली रांगोळी असेल. एखाद्या मुलाची आजी वर्गात येऊन बसली आणि तिने काहीही न बोलता हात चालवला, तरी ती तासिका पुरेशी आहे. सेवाग्रामला १९४४ पासून देवी प्रसाद कला शिकवत होते. ते शांतिनिकेतनात घडलेले चित्रकार आणि कुंभार होते. तिथल्या नई तालीममध्ये, म्हणजे गांधीजींच्या हस्तकामातून शिकवण्याच्या पद्धतीत, सूतकताई, शेती, स्वयंपाक आणि कला एकाच दिवसक्रमात बसत असत. आपल्याकडे तासिकेची चौकट आहे, पण मराठीच्या किंवा परिसर अभ्यासाच्या शिक्षकांशी बोलून सलग दोन तासिका महिन्यातून एकदा तरी मिळवता येतात.

कोरणी

धारदार हत्याराच्या प्रश्नाला कुणी हात घातलेला दिसत नाही, म्हणून लिहिते. शाडूमाती सरांचा “माध्यम तेच ठेवा” हा नियम ठसेकामाला तितकासा लागू पडत नाही. लिनो (कोरून ठसा करण्याचा तक्ता) आणि त्याची हत्यारे दुसरीच्या मुलाला देता येत नाहीत, कोडे कितीही सोपे केले तरी. परंतु ठसा ही कल्पना मात्र पहिलीपासून देता येते. पहिली-दुसरीला भेंडी, बटाटा, पाने, बाटलीची बुचे आणि स्वतःचा तळवा. तिसरी ते पाचवीला पुठ्ठ्यावर पुठ्ठ्याचे, सुतळीचे, जाळीचे तुकडे चिकटवून केलेला ठसा, ज्यात उंच भाग छापला जातो आणि खोल भाग कोरा राहतो हे समजते. सहावीला जाड खोडरबरावर बोथट टोकाने कोरणे. सातवीच्या अखेरीस किंवा आठवीत लिनो.

लिनो हा जवसाचे तेल आणि बुचाचा भुगा यांपासून केलेला, गोणपाटाच्या अस्तराचा तक्ता असतो आणि थंडीत तो कडक होतो. दहा मिनिटे उन्हात ठेवला की लोण्यासारखा कापला जातो. इजा होते ती कडक लिनो आणि बोथट हत्यार यांमुळे, कारण मूल जोर लावते आणि हत्यार घसरते. धारदार हत्यार म्हणूनच अधिक सुरक्षित असते. प्रत्येक मुलासाठी एक फळी करून घ्यावी, जिच्या एका कडेला खालून आणि समोरच्या कडेला वरून पट्टी ठोकलेली असेल. खालची पट्टी मेजाच्या कडेला अडकते आणि वरच्या पट्टीला लिनो टेकतो. लिनो धरणारा हात कायम हत्याराच्या मागे. कापण्याची दिशा बदलायची असेल तर हत्यार वळवायचे नाही, लिनो फिरवायचा. वर्गातील ५० मुलांना एकाच वेळी हत्यारे देऊ नयेत. आठ-दहा जण कोरतील, काही जण रूळ फिरवून शाई लावतील, काही जण कागदावर चमच्याची पाठ घासून ठसा उठवतील, आणि उरलेले पुढच्या ठशाचे रेखाटन करतील. हत्यारे क्रमांक घातलेल्या लाकडी ठोकळ्यातील भोकांत ठेवावीत. भोक रिकामे दिसले तर कुणीही खोलीबाहेर जायचे नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा.

पहिल्या लिनोला चित्रकार नंदलाल बोस यांनी १९३० मध्ये दांडीयात्रेच्या वेळी केलेला गांधीजींचा ठसा दाखवते. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेघांनी उभा राहिलेला, काठी घेऊन चालणारा माणूस. त्यात राखाडी छटा नाही, छायांकन नाही. जे कोरले ते पांढरे आणि जे राखले ते काळे, एवढ्यावर सारे चित्र उभे आहे. मुलांना हे पाहताक्षणी समजते. अक्षरे कोरायची असतील तर ती उलटी कोरावी लागतात. देवनागरीत शिरोरेषा आणि काना कुठल्या बाजूला जातात याचा गोंधळ नेहमी होतो, म्हणून आधी पातळ कागदावर लिहून तो उलटा करून छापून घ्यावा.

कुंचला

सर्वांचे मनःपूर्वक आभार. महिनाभर एकच माध्यम संपूर्ण शाळेला, ही कल्पना मी येत्या महिन्यापासून मातीने सुरू करणार आहे, आणि जवळच्या कुंभाराशी या रविवारी बोलणार आहे. लिनोच्या फळ्या शाळेतील जुन्या बाकांच्या लाकडातून करून घेता येतील असे दिसते.

एक शंका उरते. प्रगतिपत्रकात मला प्रत्येक मुलाला श्रेणी द्यावी लागते. पहिलीच्या मुलाचा गोळा तर बादलीत परत जाणार आहे, आणि पाचवीच्या मुलाची न पाहता काढलेली चप्पल वेडीवाकडीच असणार आहे. अशा वेळी श्रेणी कशाच्या आधारे द्यावी?

रेषाबंध

कुंचला ताई, मी पाचवीपासून पुढे प्रत्येक मुलाची एक पुठ्ठ्याची फाइल ठेवते आणि त्यात अपुरी, फसलेली, सोडून दिलेली कामेही तारीख घालून राहू देते. सत्राच्या अखेरीस मूल आणि मी ती फाइल शेजारी बसून उलगडतो. जूनमधला तांब्या आणि ऑक्टोबरमधला तांब्या शेजारी ठेवले की काय बदलले हे मुलालाच सांगता येते, आणि श्रेणी त्या बदलावर देता येते. शेजारच्या मुलाच्या चित्राशी तुलना करण्याची वेळच येत नाही. ५० मुलांसाठी हे वेळखाऊ आहे हे खरे आहे, म्हणून मी रोज चार-पाच जणांनाच बोलावते, बाकीचा वर्ग कामात असतानाच.

पहिली-दुसरीसाठी वही घ्यावी आणि तासिका चालू असतानाच एखादी ओळ लिहावी: अमुक मुलाने आज प्रथमच उभा राहील असा प्राणी केला, अमुक मुलीने दोन रंगांतून तिसरा रंग केला आणि तो शेजारच्या मुलाला करून दाखवला. वस्तू बादलीत गेली तरी ही ओळ राहते. शाळेच्या नियमांत बसत असेल तर भ्रमणध्वनीवर छायाचित्रही काढावे, परंतु ते वस्तूचे आणि हातांचे असावे, चेहऱ्यांचे नको.

शाडूमाती

रेषाबंध मॅडमनी सांगितलेली वही मीही ठेवतो. कुंभाराशी बोलाल तेव्हा एक गोष्ट विचारून घ्या: त्यांच्या मातीत राख, वाळू किंवा घोड्याची लीद किती मिसळलेली आहे. अशी मिसळ असलेली माती भाजताना कमी तडकते, परंतु बारीक कोरीव कामाला ती भरड पडते, म्हणून नववीच्या उठावाच्या फरशांसाठी थोडी चाळलेली माती वेगळी मागून घ्यावी. आणि आव्यात लावण्यापूर्वी वस्तू गालाला लावून पाहाव्यात. गार लागली तर आत अजून ओल आहे, ती आणखी काही दिवस सावलीत राहू द्यावी.